गोळी सुटायच्या आधीच हरताय

पत्र: दोन महिन्यांपासून संगणकावर व्हॅलोरंट खेळतोय. त्याआधी नेमबाजीचा कुठलाच गेम खेळलेलो नाही. रोज दीड-दोन तास देतो, पण फेरी सुरू झाली की संघातला पहिला बळी बहुतेक वेळा मीच. समोरचा नीट दिसेपर्यंत मी मेलेला असतो. नावाजलेल्या खेळाडूंच्या सेटिंग्ज उतरवून पाहिल्या, सेन्सिटिव्हिटी (माउस हलवल्यावर नेम किती सरकतो ते) दर दोन-तीन दिवसांनी बदलतो, नेम सुधारण्याच्या ॲपवर रोज अर्धा तास गोळे फोडतो. ॲपवरचे गुण वाढलेत, गेममध्ये काडीचा फरक नाही. मित्र म्हणतात, तिशी ओलांडली की हात मंदावतो. नवा माउस आणि जास्त हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊ का? की सोडून देऊ? — पहिला बळी

उत्तर: सोडू नका, आणि खरेदीही इतक्यात करू नका. तुम्ही ज्याला हाताचा मंदपणा म्हणताय तो नव्वद टक्के वेळा हाताचा नसतोच. थोडा हिशेब मांडला की ते दिसेल.

डोळ्याला काही दिसल्यापासून बोटाने क्लिक होईपर्यंत साधारण माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तिशीतला आणि विशीतला यांच्यातला फरक यात फार तर थोड्या मिलिसेकंदांचा. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ हर्ट्‌झचा ६.९ मिलिसेकंदांनी. म्हणजे महागड्या मॉनिटरने एका चित्रामागे वाचतात सुमारे दहा मिलिसेकंद. आता दुसरीकडे पाहा. व्हॅन्डल या रायफलची गोळी डोक्यात लागली तर १६० नुकसान करते, अंगात लागली तर ४०. पूर्ण चिलखत घातलेल्या शत्रूची शक्ती १५०. डोक्यात एक गोळी पुरते, अंगात चार लागतात. ही बंदूक सेकंदाला ९.७५ गोळ्या झाडते, म्हणजे पहिल्या गोळीपासून चौथीपर्यंत सुमारे ३०० मिलिसेकंद जातात. तुमचा क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) समोरच्याच्या पोटावर आणि त्याचा तुमच्या डोक्यावर असेल, तर तुमचा हात त्याच्याइतकाच वेगवान असूनही तुम्ही ३०० मिलिसेकंद मागे आहात. दहा मिलिसेकंदांसाठी पैसे घालवण्याआधी हे तीनशे वसूल करायचे.

सेटिंग्जचं काम एका संध्याकाळी उरकून टाका आणि महिनाभर त्या पानावर जाऊ नका. विंडोजच्या माउस सेटिंग्जमध्ये पॉइंटर प्रिसिजन वाढवणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटरचं अंतर बदलतं. व्हॅलोरंट माउसची हालचाल थेट वाचतं, पण सगळे गेम तसं करत नाहीत, म्हणून तो बंदच बरा. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट किती आहे ते बघा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊन वर्षभर तो ६० वर चालवणारे लोक कमी नाहीत. व्ही-सिंक (गेमचं चित्र मॉनिटरच्या गतीला बांधणारा पर्याय) बंद. सावल्या आणि टेक्श्चर खालच्या पातळीवर. इंटरनेट शक्यतो केबलने. वाय-फायच वापरायचं असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडा. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) ४० ऐवजी ६० असला तर फारसं बिघडत नाही. तो ४० वरून १२० वर उड्या मारत असेल किंवा पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) दिसत असेल, तर मात्र कुठल्याही सरावाने काही साधणार नाही.

सेन्सिटिव्हिटीचा घोळ तर कायमचाच मिटवा. माउसचा डीपीआय (इंचभर सरकल्यावर माउस मोजतो ते टप्पे) गुणिले गेममधली सेन्सिटिव्हिटी हा जो आकडा येतो तोच खरा. व्हॅलोरंटचे बहुतेक चांगले खेळाडू या हिशेबाने २०० ते ४०० च्या दरम्यान असतात. ८०० डीपीआयला ०.३५ ठेवलं की २८० होतात, आणि पूर्ण गोल फिरायला माउस साधारण ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. नवखे लोक याच्या दुप्पट-तिप्पट वेगावर खेळतात, कारण मागे वळायला सोपं वाटतं. पण मागे वळायची वेळ फेरीत एखाद-दोनदा येते, आणि डोक्यापर्यंतचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर दर चकमकीत पार करायचा असतो. २८० वर सुरुवात करा. पॅडच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत गेल्यावर १८० अंश वळता येत नसेल तरच थोडी वाढवा. पहिले चार-पाच दिवस हात चिखलात अडकल्यासारखा वाटेल. तिथेच तुम्ही दर वेळी माघार घेताय. दर तीन दिवसांनी आकडा बदलला तर हाताला कुठलंच अंतर पाठ होत नाही. दुसऱ्याच्या सेटिंग्ज उतरवण्यात गैर काही नाही, फक्त एकाच्याच उतरवा आणि त्यावर टिका.

आता मुख्य दुखणं. नवखा खेळाडू नकाशात फिरताना जमिनीकडे, नाहीतर समोरच्या भिंतीच्या मधोमध बघत असतो. शत्रू दिसला की तो माउस वर आणि बाजूला नेतो, पुढे जातो, परत मागे आणतो आणि मग क्लिक करतो. वर दिलेल्या सेन्सिटिव्हिटीला दहा अंशांची दुरुस्ती म्हणजे माउस १.३ सेंटिमीटर हलवणं. घाईत हे अंतर अचूक जात नाही. ज्याचा क्रॉसहेअर आधीपासूनच डोक्याच्या उंचीवर आणि शत्रू जिथून निघेल त्या कडेपाशी आहे, त्याला दोन मिलिमीटर सरकावं लागतं. ज्यांना तुम्ही विजेसारखे वेगवान समजता त्यांच्यातले बरेचसे हेच करत असतात. ते फारसं काही हलवतच नाहीत.

याचा सराव कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच कुणी करत नाही. कस्टम गेम उघडा, एकटेच, रिकामा नकाशा. एका जागेपासून स्पाइक (बॉम्ब) लावायच्या जागेपर्यंत सावकाश चालत जा. प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा की इथे माणूस उभा असेल तर त्याचं डोकं नेमकं कुठे असेल. क्रॉसहेअर तिथे ठेवा, पुढचं वळण दिसायला लागलं की तिकडे सरकवा. सगळ्यांची उंची जवळपास सारखीच असते, त्यामुळे खोके, दाराच्या चौकटी, भिंतीवरचे पट्टे अशा खुणा लवकर पाठ होतात. चढउताराच्या जागी मात्र बहुतेक जण फसतात: तुम्ही उतारावर खाली असाल तर समोरच्याचं डोकं तुमच्या अंदाजापेक्षा वर असतं. एक नकाशा, दोन्ही बाजू, रोज दहा मिनिटं. बंदूक झाडायचीही गरज नाही.

दुसरं दुखणं पायांचं. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्हींत पळता पळता झाडलेली गोळी क्रॉसहेअर दाखवतो तिथे जातेच असं नाही. तुम्हाला वाटतं नेम बरोबर होता. तो बरोबर असेलही, पण पाय थांबलेले नव्हते. काउंटर-स्ट्राइकमध्ये उजवीकडे जाताना डी ही कळ सोडून क्षणभर डावीकडची ए दाबावी लागते, म्हणजे घसरण तोडली जाते आणि त्याच क्षणी गोळी सरळ जाते. व्हॅलोरंटमध्ये कळ सोडली तरी पाय लवकर थांबतात, उलट कळ दाबली तर किंचित आणखी लवकर. क्रम पाठ करा: सरका, थांबा, एक-दोन गोळ्या, पुन्हा सरका. सराव मैदानात बॉट (संगणकाने चालवलेली लक्ष्यं) स्थिर ठेवून हाच क्रम शंभर वेळा करा, वेगाकडे अजिबात न बघता. गोळी चुकली तर आधी पाय तपासा, मग हात. घाबरल्यावर खाली बसण्याची सवय असेल तर ती मोडा. बसल्यावर अगदी हळू हलता येतं आणि तुमचं डोकं बरोबर तिथे येतं जिथे समोरचा अंगावर मारत होता.

तिसरी गोष्ट कोपऱ्यांची, आणि तुम्ही पहिला बळी का ठरता याचं उत्तर बहुधा इथेच आहे. जो कोपऱ्यातून बाहेर येतो त्याला, उभा राहून वाट बघणाऱ्यापेक्षा थोडा फायदा असतो. तो बाहेर आलेला त्याच्या स्क्रीनवर आधी दिसतो. ही हालचाल सर्व्हरमार्फत तुमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तोवर त्याला तुम्ही दिसलेले असता. याला पीकर्स ॲडव्हान्टेज म्हणतात. तो शून्य करता येत नाही, पण तो आपल्या बाजूने वळवता येतो आणि दुसऱ्याचा कमी करता येतो.

वाट बघत असाल तर क्रॉसहेअर भिंतीच्या कडेला चिकटवू नका. रायफल हातात घेऊन पळणारा सेकंदाला ५.४ मीटर जातो. तुम्हाला तो दिसून क्लिक होईपर्यंत २०० मिलिसेकंद धरले, तर तेवढ्यात तो कडेपासून मीटरभर पुढे गेलेला असतो आणि तुमची गोळी त्याच्या मागच्या हवेत. म्हणून कडेपासून साधारण एका माणसाच्या रुंदीइतकी जागा सोडा. पळत येण्याची शक्यता जास्त असेल तर त्याहून थोडी अधिक. उलट तुम्ही स्वतः बाहेर येत असाल तेव्हा समोरचा स्थिर असतो, तर तिथे क्रॉसहेअर कडेच्या जवळच हवा. हे दोन नियम एकमेकांच्या उलट आहेत आणि नवख्यांच्या डोक्यात त्यांची हमखास अदलाबदल होते.

कोपऱ्याला घासून उभं राहू नका. तुम्ही कोपऱ्याच्या जवळ आणि समोरचा त्यापासून लांब असेल, तर तुम्हाला तो दिसण्याआधी त्याला तुमचा खांदा दिसतो. दोन पावलं मागे सरका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोकळ्या जागेत एकदम शिरू नका. एखाद्या जागेकडे तीन ठिकाणांहून बघता येत असेल, तर तुम्ही थेट आत गेल्यावर तिघांना दिसता आणि तुम्हाला फार तर एक दिसतो. भिंतीच्या कडेभोवती अर्धवर्तुळात हळूहळू सरका, म्हणजे एका वेळी जागेची एकच चीर उघडते. ती रिकामी आहे हे बघून मग पुढची. नुसती माहिती हवी असेल तर खांदा बाहेर काढून लगेच आत या. स्नायपर असला तर त्याची गोळी वाया जाते आणि पुढची भरायला त्याला वेळ लागतो.

बटण धरून ठेवण्याबद्दल थोडक्यात. लांबच्या लक्ष्यावर एक-दोन गोळ्या, थांबा, पुन्हा एक-दोन. मध्यम अंतरावर तीन-चार. अगदी जवळ आल्यावरच सलग झाडा आणि माउस हळूहळू खाली ओढा. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ च्या गोळ्या ठरलेल्या आकृतीत चढतात, आधी वर, मग आडव्या. ती आकृती पाठ करता येते. व्हॅलोरंटमध्ये आडवी हालचाल बरीचशी नशिबावर असते, म्हणून तिथे ती पाठ करत बसण्यात वेळ घालवू नका.

एक बारीक सवय मात्र आजच मोडा: एकाला मारल्यावर लगेच गोळ्या भरणं. व्हॅन्डलला अडीच सेकंद लागतात आणि मेलेल्याचा जोडीदार नेमका त्याच अडीच सेकंदांत येतो. पंचवीसपैकी पंधरा शिल्लक असतील तर भरू नका. आधी आडोसा, मग आर (गोळ्या भरायची कळ).

कान हे फुकटचं हत्यार आहे. पळताना आवाज होतो, शिफ्ट धरून चाललं की होत नाही. व्हॅलोरंटमध्ये तुम्ही पळता तेव्हा छोट्या नकाशावर तुमच्याभोवती वर्तुळ उमटतं. तुमची पावलं कुठपर्यंत ऐकू जातील ते त्यावरून कळतं. शत्रू त्या वर्तुळात असण्याची शक्यता आहे का, एवढाच विचार करून पळायचं की चालायचं ते ठरवा. सतत चालत राहणंही चूक. वेळ संपतो आणि बचाव करणारे तोवर जागा बदलतात. ऑडिओमधलं एचआरटीएफ (आवाजाची दिशा हेडफोनमध्ये कळवणारा पर्याय) चालू करा, पण मग हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधलं व्हर्च्युअल सराउंड बंद ठेवा. दोन्ही एकत्र चालले की दिशा कळत नाही. मागे गाणी लावून खेळत असाल तर ती आधी बंद करा.

गेममधल्या पैशांचं गणित एका ओळीत असं: व्हॅन्डल २९०० आणि जड चिलखत १०००, मिळून ३९०० क्रेडिट. खरेदीच्या पानावर पुढच्या फेरीत किमान किती मिळतील तो आकडा दिसतो. संघातल्या बाकीच्यांकडे पैसे नसतील तर तुम्ही एकट्याने रायफल घेऊन जाऊ नका, तो आकडा ३९०० च्या वर राहील इतकंच खर्चा. हरलेल्या फेरीत एकट्याकडे असलेली रायफल बहुधा शत्रूच्या हातात जाते.

गोळे फोडण्याच्या ॲपबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. तिथे तुम्ही उभे असता, लक्ष्य कुठेही उगवतं आणि ते परत गोळी मारत नाही. हात आणि डोळा यांची जुळणी थोडी सुधारते, पण कुठे बघायचं आणि कधी थांबायचं हे तिथे शिकताच येत नाही. अर्ध्या तासाची दहा मिनिटं करा आणि ॲपमध्ये सेन्सिटिव्हिटी गेमइतकीच आहे ना हे तपासा. तुमच्या दीड तासाची विभागणी साधारण अशी करता येईल: दहा मिनिटं ॲप किंवा सराव मैदान, दहा मिनिटं रिकाम्या नकाशात चालणं, दोन डेथमॅच (संघ नसलेले, मेलात की लगेच पुन्हा उतरायचे सामने) आणि उरलेल्या वेळात खरे सामने. डेथमॅचमध्ये पहिला नंबर काढायला जाऊ नका. लोक कुठूनही मागून मारतात, ते सोडून द्या. एका डेथमॅचमध्ये फक्त थांबून झाडणं, दुसऱ्यात फक्त डोक्याची उंची. बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

मग कागदावर सहा रकाने आखा. सामन्यात मेलात की स्क्रीनकडे बघत बसण्याऐवजी एक खूण करा: क्रॉसहेअर चुकीच्या जागी होता, हलताना झाडलं, एकाच वेळी दोन बाजूंना उघडा होतो, एकटाच पुढे गेलो, गोळ्या भरत होतो किंवा हातात चाकू होता, आणि सहावा, बाकी सगळं बरोबर होतं पण नेम चुकला किंवा समोरचा भारी होता. मेल्यावर हमखास वाटतं की सहावाच रकाना. म्हणून आठवड्यातून एक हरलेला सामना रेकॉर्ड करून बघा आणि प्रत्येक मरणाआधीचे पाच सेकंदच पाहा. आठवड्याअखेर ज्या रकान्यात सगळ्यात जास्त खुणा असतील, पुढच्या आठवड्यात फक्त तेवढंच सुधारायचं. दोन-तीन महिन्यांनी सहावा रकाना खरोखर भरू लागला, तर १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरचा विचार करायला हरकत नाही, मात्र तुमचं यंत्र तेवढ्या फ्रेम देत असेल तरच. माउस तुटत नाही किंवा दुहेरी क्लिक करत नाही तोवर चालेल.

हे सगळं डावपेचाच्या नेमबाजीसाठी. उद्या मित्रांनी ॲपेक्स लेजेंड्स किंवा ओव्हरवॉचकडे ओढलं, तर पायांचा नियम तिकडे लावू नका. तिथे शक्ती जास्त असते, मारायला वेळ लागतो, हलत हलतच झाडायचं असतं आणि पळत्या लक्ष्यावर क्रॉसहेअर चिकटवून ठेवण्याला किंमत आहे. कोपरे आणि डोक्याची उंची मात्र तिकडेही उपयोगी पडतात.

व्यक्तिरेखा एकच निवडा, फार तर दोन. ड्युएलिस्ट गटातल्या व्यक्तिरेखांचा मोह टाळा, कारण आधी आत शिरणं हे त्यांचं काम आणि तुमचं दुखणंही तेच. ब्रिमस्टोन घ्या: नकाशावर बोट ठेवून धूर टाकायचा, मग दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाने आत जायचं. पुढच्या साथीदारापासून इतकं अंतर ठेवा की तो पडला तर त्याला मारणारा दोन सेकंदांत तुमच्या क्रॉसहेअरखाली येईल. जवळ गेलात तर एकाच माऱ्यात दोघे जाल, फार मागे राहिलात तर बदला घेता येणार नाही. रँक्ड (क्रमवारीचा सामना) तसंही खातं २० व्या पातळीला गेल्यावरच उघडतं. उघडलं तरी लागोपाठ दोन सामने हरलात की त्या दिवशी तिसरा लावू नका.

माइकवर तीनच गोष्टी बोलायच्या: कुठे, किती, कितपत जखमी. ‘ए मेन, दोघे, एकाला ८४’, म्हणजे ए मेन या जागी दोघे, त्यातल्या एकाला ८४ नुकसान झालंय. मेल्यावर हे एकदा सांगा आणि गप्प बसा, कारण जिवंत असलेल्याला पावलं ऐकायची असतात. कुणी शिव्या देत असेल तर वाद न घालता त्याचा आवाज आणि चॅट दोन्ही म्यूट करा. नकाशावर तो करतो त्या खुणा (त्यांनाही पिंगच म्हणतात) तरीही दिसत राहतात, आणि त्याच्याकडून तुम्हाला तेवढंच हवं असतं.